पोचा

मणिकर्णिकेवर लाकूड तोलायचे मोठे काटे आहेत. एका पारड्यात वजनं, दुसऱ्यात ओंडके. घाटाच्या वरच्या अंगाला लाकडांच्या राशी रचलेल्या असतात, खाली लाकडांनी भरलेल्या नावा लागलेल्या असतात आणि या दोन्हींच्या मध्ये दिवसरात्र चिता जळत असतात. मी ते काटे पहिल्यांदा पाहिले तेव्हा चौदा वर्षांचा होतो. दुसऱ्यांदा पाहिले ते २०२४ मध्ये, बाबांच्या अस्थी घेऊन गेलो तेव्हा. या दोन खेपांच्या मधली तेहतीस वर्षं आमच्या घरात एक मोटार उभी होती. तिच्या डाव्या अंगाला मणिकर्णिकेकडे निघालेल्या लाकडाचा मार बसला होता.

हा लेख त्या मोटारीच्या दुरुस्तीचा आहे. ती आम्ही घरच्या अंगणात केली. पोचा कसा काढतात हे त्या काळात मला थोडंफार समजलं आणि इतकी वर्षं आपण काय करत होतो तेही समजलं.

सात नंबरचा रस्ता

नागपूरच्या माणसाला काशी लांब वाटत नसे. जुना राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ७ वाराणसीला सुरू व्हायचा आणि कन्याकुमारीला संपायचा. देशातला तो सगळ्यात लांब महामार्ग होता आणि नागपूर त्याच्या वाटेवर होतं. आता क्रमांक बदलले, रस्त्याचे तुकडे वेगवेगळ्या नावांनी ओळखले जातात. बाबा मात्र शेवटपर्यंत ‘सात नंबर’च म्हणायचे. शिवनी, लखनादौन, जबलपूर, कटनी, मैहर, रीवा, मिर्झापूर ही नावं ते पाढ्यासारखी म्हणत.

डिसेंबर १९९१ मध्ये आजी गेली. तिच्या अस्थी काशीला न्यायच्या हे तिनेच सांगून ठेवलं होतं. बाबा, आई आणि मी फियाटने निघालो. ही फियाट म्हणजे १९७४ ची प्रीमियर पद्मिनी. आजोबांनी नोंदणी करून बरीच वर्षं वाट पाहिली, तेव्हा कुठे ती दारात आली होती. रंग हस्तिदंती, गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला, पुढचं आसन बाकासारखं सलग. साडेसातशे किलोमीटरांच्या आसपासचा रस्ता आम्ही दोन दिवसांत कापला.

काशीत मोटार मणिकर्णिकेपर्यंत जात नाही. मैदागिनला किंवा गोदौलियाला ती सोडायची आणि चौकातून गल्ल्यांमध्ये शिरायचं. कचौडी गलीतून खाली उतरताना खांद्यावर तिरडी घेतलेली माणसं मागून येतात, भिंतीला चिकटून त्यांना वाट द्यावी लागते. बाबांनी नावेत बसून अस्थी सोडल्या. परत येताना त्यांनी उत्तरेकडे बोट दाखवून भोसले घाट दाखवला. नागपूरच्या भोसल्यांनी अठराव्या शतकात बांधलेला तो घाट पाहून आईला माहेरचं कुणी भेटल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही मैदागिनहून निघालो. दाट धुकं होतं. बाबांनी इंजिन सुरू केलं, आई डावीकडे बसली, मी मागे. समोर लाकडं भरलेला एक ट्रक मागे येत होता. ट्रकच्या फळीबाहेर आलेले ओंडके धुक्यात आम्हाला दिसले ते अगदी काचेजवळ आल्यावर. बाबांनी हॉर्न दाबला तोवर एका ओंडक्याचं तोंड डाव्या दिव्यात शिरलं होतं. वेग फार नव्हता, पण वजन होतं. दिवा फुटला, मडगार्ड घडी होऊन मागे सरकलं आणि टायरवर टेकलं. आईला खरचटलंही नाही. ती तशीच बसून राहिली, हात दाराच्या मुठीवर.

जवळच ठठेरी बाजार आहे, पितळी भांडी ठोकणाऱ्यांचा. तिथला एक म्हातारा कारागीर लाकडी हातोडा घेऊन आला. चाकाशी उकिडवं बसून त्याने आतून दहाबारा ठोके दिले आणि मडगार्ड टायरपासून सोडवलं. त्यानंतर एका दिव्यावर, फक्त दिवसाउजेडी गाडी चालवत आम्ही नागपूरला पोचलो.

मडगार्डातल्या वाळूचा थर

नागपुरात एका गॅरेजने आठ दिवसांत गाडी ‘जशी होती तशी’ करून दिली. रंग चकचकीत होता. फक्त डावं पुढचं दार त्यानंतर सरळ लागेना. मुठीला धरून किंचित वर उचलायचं आणि मग जोरात ओढायचं, तेव्हा ते बसे. ती बाजू आईची. तिच्या हाताला ती सवय झाली. बाबांनी ते दार कुणाला दाखवलं नाही आणि काशीच्या त्या पहाटेबद्दल घरात कधी बोललेही नाहीत.

काही वर्षांनी मडगार्डावर बारीक रेघा उमटल्या, नकाशावरच्या नद्यांसारख्या. मग रंगाखालून फोड आले. मग खालच्या कडेला बोट जाईल एवढं भोक पडलं. बाबा गाडी चालवत राहिले, नंतर फक्त आठवड्यातून एकदा इंजिन सुरू करत राहिले. २०२४ च्या पावसाळ्यात ते गेले.

कार्तिकात मी काशीहून परत आलो आणि मिस्त्रीकाकांना घरी बोलावलं. वय सत्तरीच्या पुढे, गाव भंडाऱ्याकडचं, घराणं कासाराचं. भंडारा पितळेच्या भांड्यांसाठी नावाजलेला. त्यांच्या आजोबांनी गुंड-घागरी ठोकल्या, वडील नागपूरला येऊन मोटारींचा पत्रा ठोकू लागले, आणि काकांनी वयाच्या बाराव्या वर्षी हातोडी धरली. त्यांनी खिशातून एक छोटं लोहचुंबक काढलं आणि मडगार्डावर ठेवलं. ते घसरून खाली पडलं. थोडं वर ठेवलं, पुन्हा पडलं. वर कडेला ठेवल्यावर चिकटलं.

“भाऊ, इथं पत्रा नाहीच,” ते म्हणाले. “इथं लांबी आहे.”

जुनी गाडी विकत घेणाऱ्या प्रत्येकाने ही परीक्षा शिकून घ्यावी. लांबी म्हणजे पोचा भरून काढायचा लेप. ती लोखंडाची नसते, म्हणून चुंबक तिच्यावर धरत नाही. पातळ थराला काही हरकत नाही. पत्रा हाताने सरळ केल्यावर शेवटची उंचसखल जागा भरायला दोन-तीन मिलिमीटरांपर्यंत लांबी लागतेच. आमच्या मडगार्डावर ती बोटभर जाड होती. काकांनी छिन्नीने तिची खपली काढली तेव्हा खाली १९९१ चा पोचा जसाच्या तसा होता. ओंडक्याचं गोल तोंड जिथे घुसलं तो खळगाही ओळखू येत होता. गॅरेजवाल्याने पोचा बाहेर ओढायचा प्रयत्न म्हणून त्यात ओळीने भोकं पाडली होती, अर्ध्यावर सोडून दिला होता आणि वर लेप थापला होता. चाकाने उडवलेलं पाणी आतून त्या भोकांतून झिरपत राहिलं. लांबी पाणी धरून ठेवते. पत्रा आतून कुजत गेला. खालच्या कोपऱ्यात तेहतीस वर्षांची माती साचली होती. तिच्यात वाळू होती आणि ती गंगेकाठची असावी असं मला उगाच वाटलं.

“पोचा भरायचा नसते,” काका म्हणाले. “काढायचा असते. भरला का तो आत राह्यते.”

मार एकीकडे, वळ दुसरीकडे

मला वाटलं होतं, काका लगेच हातोडी काढतील. पहिले दोन रविवार त्यांनी हातोडीला हात लावला नाही. ते फक्त पाहत होते, मोजत होते आणि मला विचारत होते. ट्रक कुठून आला? ओंडका सरळ घुसला की तिरपा? चाकं कुठे वळलेली होती? बाबांचा पाय ब्रेकवर होता का? चौदा वर्षांच्या मुलाला जे आठवत होतं ते सगळं मी आठवून सांगितलं. त्या पहाटेबद्दल इतकं तपशीलवार मला आयुष्यात प्रथमच कुणी विचारलं होतं.

याला कारण आहे. पद्मिनीला वेगळी चौकट नाही. ट्रकला किंवा जुन्या जीपला खाली एक लोखंडी सांगाडा असतो आणि वर शरीर बसवलेलं असतं. फियाटने १९५३ मध्ये इटलीत ११००-१०३ हे मॉडेल आणलं तेव्हा सांगाडा आणि शरीर एकच करून टाकलं. पत्राच वाकवून, घड्या घालून, एकमेकाला जोडून भार पेलण्याजोगा केला. मराठी माणसाने ज्या गाडीला प्रेमाने ‘डुक्कर फियाट’ म्हटलं तीच ही. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती जुळवली जाऊ लागली. तिची पुढची बहीण १९६४ मध्ये फियाट ११०० डिलाइट म्हणून आली, नंतर प्रीमियर प्रेसिडेंट झाली आणि १९७४ मध्ये राणी पद्मिनीचं नाव घेऊन प्रीमियर पद्मिनी झाली. इंजिन १०८९ सीसीचं. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीचा चेहरा म्हणजे हीच गाडी. अशी शेवटची टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदवली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपून २०२३ च्या ऑक्टोबरअखेर ती रस्त्यावरून गेली.

शरीर हाच सांगाडा असला की मार एका जागी थांबत नाही. दिव्यावर बसलेला धक्का मडगार्डातून आतल्या कमानीत जातो, कमानीतून दाराच्या बिजागरीच्या खांबात जातो आणि तिथे दोन-चार मिलिमीटर काहीतरी सरकतं. डोळ्याला काही दिसत नाही. फक्त दार लागत नाही. आईच्या हाताला जे तेहतीस वर्षं जाणवत होतं, ते मडगार्डाचं दुखणं होतं.

ते शोधायला काकांनी गवंड्याचा ओळंबा आणला. गाडीखाली दोन्ही बाजूंना एकसारखे असणारे बिंदू निवडले. प्रत्येक बिंदूवरून ओळंबा सोडला आणि तो जमिनीला जिथे टेकला तिथे खडूने फुली मारली. मग गाडी ढकलून बाजूला केली. अंगणातल्या फरशीवर फुल्यांची जणू रांगोळी उरली. आता टेपने कर्ण मोजायचे. डाव्या पुढच्या फुलीपासून उजव्या मागच्या फुलीपर्यंत आणि उलट. दोन्ही कर्ण जवळजवळ सारखे भरले, म्हणजे तळाचं अंग सरळ होतं. ते वाकलेलं निघालं असतं तर हे काम घरी करायचं नाही, असं काकांनी आधीच बजावलं होतं. मग त्यांनी वरची मापं घेतली. काचेच्या चौकटीच्या कोपऱ्यापासून, बिजागरीच्या खांबापासून. डावा खांब वरच्या टोकाला सहा मिलिमीटर मागे गेला होता.

मला त्या वेळी काशीतलं रत्नेश्वर महादेवाचं देऊळ आठवलं. मणिकर्णिका आणि सिंधिया घाट यांच्यामध्ये, अगदी पाण्यात, ते नऊ अंशांच्या आसपास कललेलं उभं आहे. वर्षातला बराच काळ त्याचा गाभारा पाण्यात असतो. शिखराचं कोरीवकाम अजून नाजूक, रेखीव आहे, पण तळ खचलेला. शेजारचा सिंधिया घाट ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंद्यांनी १८३० च्या सुमारास बांधला, तोही स्वतःच्या ओझ्याने खचला आणि पुढे पुन्हा बांधावा लागला. मराठी माणसांचा काशीतला इतिहास बराचसा असा डागडुजीचा आहे. अहिल्याबाई होळकरांनी १७८० मध्ये विश्वनाथाचं मंदिर पुन्हा उभं केलं आणि मणिकर्णिकेच्या पायऱ्याही बांधून घेतल्या. खचणाऱ्या काठावर बांधायचं तर आधी तळ बघावा लागतो. अंगणातल्या मोटारीलाही तोच नियम लागू होता.

उलट्या वाटेने

बंपर, जाळी आणि दिव्याची वाटी काढली. बॅटरी काढून घरात ठेवली, पेट्रोल उतरवलं. गाडी जॅकवर उचलून खाली घोड्या लावल्या, कारण नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कुणी शिरायचं नसतं. चाक काढलं. मागच्या चाकांना अडण्या लावून गाडी मागून बांधली. पुढे कडुलिंबाच्या खोडाला गोणपाट गुंडाळून साखळीची पुली अडकवली आणि तिचा आकडा मडगार्डाच्या आतल्या कमानीला पकडीने धरला.

मग काकांनी कामाचं मर्म सांगितलं. मार बसतो तेव्हा पत्रा एका क्रमाने वाकतो. आधी ओंडका टेकतो तिथे खळगा पडतो. मग त्याच्या भोवती लाटा उठतात, मग कडेला घड्या पडतात आणि सगळ्यात शेवटी लांबचा खांब सरकतो. दुरुस्ती उलट्या क्रमाने करायची. शेवटी जे वाकलं ते आधी सोडवायचं. खळगा सगळ्यात शेवटी.

नवशिका हातोडी घेऊन आधी खळग्यावरच तुटून पडतो. तिथला पत्रा आधीच ताणलेला असतो, तो आणखी ताणतो. भोवतालच्या घड्या मात्र त्याला धरूनच ठेवतात. खरं तर पोच्यातला बराचसा पत्रा मुळात बिघडलेला नसतो. तो फक्त अडकलेला असतो. त्याला परत जायचं असतं, पण कडेची घडी सोडत नाही. घडीच्या रेषेवर लोखंड इतकं वाकलेलं असतं की ते कडक होऊन बसतं. तांबटाला हे नवीन नाही. पुण्याच्या तांबट आळीत मठारकाम करताना भांडं ठोकून ठोकून कडक होतं, मग ते भट्टीत तापवून मऊ करावं लागतं. मोटारीच्या घडीचंही तसंच. ती हळूहळू मोकळी केली की पोच्याचा निम्मा भाग आपणहून वर येतो.

पुलीची साखळी ताणली. काकांनी सगळ्यांना बाजूला उभं केलं आणि ताणलेल्या साखळीवर एक जाड घोंगडी टाकली, तुटली तर उसळू नये म्हणून. दोन कड्या ओढायच्या आणि थांबायचं. थांबलं की घडीच्या आजूबाजूला लाकडी हातोड्याने हलके ठोके द्यायचे, म्हणजे अडकलेला ताण सुटतो. मग पुन्हा दोन कड्या. एकदा मी जोरात ओढायला गेलो.

“घाई काहून करून राहिला, भाऊ?” काका म्हणाले. “पत्रा कुठं पळून चालला? तीस वर्षं उभा आहे थो.”

दुपारी केव्हातरी आतल्या कमानीतून एक बारीक कुरकुर ऐकू आली आणि साखळी एकदम सैल पडली. काकांनी खांबाचं माप घेतलं. सहातले चार मिलिमीटर परत आले होते. उरलेले दोन पुढच्या रविवारी आले.

ठण आणि ठप्प

कुजलेला तुकडा कापावाच लागला. तळहाताएवढा, चाकाच्या कमानीच्या खालचा. त्याच्या जागी वीस गेजचा साधा पत्रा, म्हणजे मिलिमीटरला जरासा कमी, काकांनी वाळूच्या पोत्यावर ठोकून घडवला. जोडताना सलग रेघ ओढायची नसते, नाहीतर उष्णतेने सगळं मडगार्ड वेडंवाकडं होतं. शिवणकामातल्यासारखे टाके घालायचे. एक इकडे, दुसरा लांब तिकडे, मधे गार होऊ द्यायचं. शेजारी वाळूची बादली, ओलं गोणपाट आणि आग विझवायचं नळकांडं. भाजून घेण्याची हौस घरच्या कामात नको.

मग हातोडी आणि डॉलीचं काम सुरू झालं. डॉली म्हणजे मुठीत मावणारा गुळगुळीत लोखंडी गोळा, हातातली ऐरणच. एका हाताने ती पत्र्याच्या आतून टेकवायची, दुसऱ्या हाताने बाहेरून हातोडी मारायची. हातोडी नेमकी डॉलीवर पडली की ‘ठण’ असा स्वच्छ आवाज येतो, पत्रा सपाट होतो आणि किंचित ताणला जातो. डॉली खोलगट जागेखाली धरून हातोडी शेजारच्या उंचवट्यावर मारली की आवाज ‘ठप्प’ येतो. उंचवटा खाली बसतो आणि खोलगट जागा वर येते, पत्रा ताणला न जाता. हे दोन आवाज ओळखता आले की अर्धं काम आलं. काका बघतही नव्हते, ऐकत होते. माझ्या हातून सलग चार-पाच ‘ठण’ झाले की ते चहाचा कप खाली ठेवत.

सपाट झालं का, हे डोळ्याने कळत नाही. काकांनी हाताखाली एक सुती फडकं घेतलं आणि तळहात लांबवर फिरवला. फडक्यामुळे हात अडत नाही आणि फक्त उंचसखलपणा जाणवतो. संध्याकाळी त्यांनी पत्रा पाण्याने ओला केला आणि व्हरांड्यातली ट्यूबलाइट लावली. तिची रेघ मडगार्डात पडली. जिथे रेघ मोडली तिथे अजून काम होतं.

मधोमध, ओंडका जिथे घुसला होता, तिथला पत्रा ताणून जास्तीचा झाला होता. दाबला की टक्क करून आत, सोडला की बाहेर, रिकाम्या डब्यासारखा. हातोडीने तो आणखी ताणला असता. काकांनी गॅसची बारीक ज्योत एका ठिपक्यावर धरली. ठिपका गुंजेएवढा नव्हता, रुपयाएवढा असेल, पण रंग गुंजेचा झाला. ज्योत काढून त्यांनी भोवती चार-पाच झटपट ठोके दिले आणि ओलं फडकं टेकवलं. तापलेल्या ठिपक्याला पसरायचं असतं, पण भोवतालचं गार लोखंड त्याला पसरू देत नाही. म्हणून तो जागच्या जागी जाड होतो. गार होताना तो आक्रसतो आणि शेजारचा ढिला पत्रा स्वतःकडे ओढून घेतो. असे नऊ ठिपके झाले. नवव्यानंतर पत्र्याने टक्क करणं सोडलं.

त्या फडक्याची वाफ वर गेली तेव्हा आई दारात उभी होती. आग, पाणी आणि लोखंडाचा वास. ती म्हणाली, “तुझे बाबा असते तर इथून हलले नसते.” तेवढं बोलून आत गेली. संध्याकाळी तिने पहिल्यांदा मला मैदागिनची पहाट सांगितली. दिवा फुटला तेव्हा बाबांनी आधी तिचा हात धरला होता आणि ट्रक निघून गेल्यावरही बराच वेळ सोडला नव्हता. मी मागे बसलो होतो. मला हे दिसलं नव्हतं.

फेकायचं की जपायचं

आज गाडीला मार बसला की सुटा भाग बदलतात. यात गैर काही नाही. मर्सिडीजचे अभियंता बेला बारेन्यी यांनी गाडीचा पुढचा भाग मुद्दाम चुरगळावा आणि आतली माणसं वाचावीत अशी रचना मांडली. १९५९ पासून ती गाड्यांमध्ये आली आणि तिने असंख्य जीव वाचवले. आताच्या गाड्यांचं बळकट पोलाद तापवलं तर त्याचा गुणच जातो, ते बदलणंच योग्य. जुन्या गाडीचं लोखंड मात्र मऊ असतं आणि ते दुरुस्तीला साथ देतं. तेवढंच तिचं सामर्थ्य आहे, हेही विसरू नये. आमच्या पद्मिनीला आसनांचे सुरक्षापट्टेही नव्हते. तिच्यात बसून वेगाने जायचं नसतं.

जुन्या गाड्यांच्या जागतिक संघटनेने, फिव्हाने, २०१२ मध्ये ट्यूरिन सनद स्वीकारली. तिचं सार इतकंच की वाहन हा इतिहासाचा दस्तऐवज आहे, म्हणून मूळ भाग शक्य तितका राखावा आणि दुरुस्ती करताना मूळ खुणा पुसू नयेत. आपल्याकडे केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये पन्नास वर्षांवरच्या दुचाकी आणि चारचाकींसाठी ‘विंटेज’ नोंदणीची सोय केली. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, नूतनीकरणाला पाच हजार, क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरं. अट अशी की सांगाडा, शरीर आणि इंजिन यांत मोठा बदल झालेला नसावा. १९७४ ची पद्मिनी आता त्या वयात आली आहे. म्हणजे ज्या घरांत अशा गाड्या ताडपत्रीखाली उभ्या आहेत, तिथे पत्रा बदलायचा की पोचा काढायचा हा आता कायद्याचाही प्रश्न झाला आहे.

पण काढणारे हात कुठे आहेत? काकांकडे आता शिकायला कुणी येत नाही. त्यांच्या मुलाने हा धंदा घेतला नाही आणि काकांनीही त्याला आग्रह केला नाही. कानात अखंड ठणठण, फुप्फुसांत रंगाची वाफ, आणि दर दिवसाचा हिशेब दर दिवसाला. या कामगारांना आपण ‘डेंटर’ म्हणतो आणि त्यांचं नावही विचारत नाही. कासार, तांबट, ठठेरे यांची हजारो वर्षांची विद्या मोटारीच्या पत्र्यावर येऊन थांबली आहे. आयटीआयच्या वर्गांत, गाड्यांच्या हौशी मंडळांत या म्हाताऱ्या हातांना मानाने बोलवावं, त्यांचं काम चित्रित करून ठेवावं, त्यांच्या हाताखाली चार मुलांना वेतन देऊन बसवावं. हे खर्चाचं काम नाही, आस्थेचं आहे. दहा वर्षांनी या हातांपैकी किती उरतील, याचा विचार केला की छातीत कळ येते.

आणि घरी हे काम करू पाहणाऱ्यांना एक सांगतो. पत्रा ठोका, लांबी भरा, पॉलिश पेपर घासा, पण ब्रेक, स्टिअरिंग आणि तळाचं अंग जाणकाराकडे द्या. रंगही घरी फवारू नका. आजच्या दोन घटकांच्या रंगातली वाफ दम्याचा आजार जडवते आणि साधा रुमाल तिला अडवत नाही. आम्ही उघडा पत्रा त्याच दिवशी प्रायमरने झाकला, कारण एका रात्रीतही गंज धरतो. मूळ छटा डिकीच्या रबराखाली सापडली. तिथे ऊन पोचलं नव्हतं. ती छटा घेऊन रंगाचं काम बाहेर बंदिस्त खोलीत करून घेतलं. लांबी लागली ती कुठेही दोन मिलिमीटरांच्या वर नाही. काकांनी सगळीकडे चुंबक फिरवून मला दाखवलं. ते कुठेही पडलं नाही.

दार

गुढीपाडव्याच्या सकाळी काकांनी बिजागरीचे नट शेवटचे आवळले. दार आणि मडगार्ड यांच्यातली फट वरून खालपर्यंत सारखी होती. त्यांनी एक जुनं पोस्टकार्ड त्या फटीतून फिरवलं, ते कुठेही अडकलं नाही. गुढीसमोर नारळ फोडला आणि पहिली फेरी आईची ठरली.

ती नऊवारी सावरत डाव्या बाजूला बसली. मग तिने मुठीला हात घातला आणि सवयीने दार वर उचललं, तेहतीस वर्षं उचलत आली तसं. दार उचललं गेलंच नाही. उचलायला काही उरलं नव्हतं. तिचा हात हवेत थबकला. मग तिने ते नुसतं ओढलं. एकच आवाज झाला आणि दार बसलं.

काका चाकाशी उकिडवे बसून ऐकत होते. त्यांनी मान हलवली आणि हत्यारं पिशवीत भरायला घेतली. आई समोर बघत होती. थोड्या वेळाने म्हणाली, “सात नंबरला घे.”